हाताला धरून उठवणाऱ्यांनो, जरा थांबा



मंदिरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या वाढत चालल्यात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पूर्वी भिंतीशी दोन असायच्या, त्याही बाहेरून आलेल्या पंडितजींसाठी. आता दशलक्षण पर्वात बायकांच्या बाजूला पूर्ण ओळ लागते आणि ती साठी-पासष्टीच्या बायकांनीच भरते. ज्यांचा गुडघा खरंच गेलाय, ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी खुशाल बसावं, आणि कुणी त्यांच्याकडे बघून नाक मुरडू नये. माझं भांडण खुर्चीशी नाही. साठी आली की पाय जाणारच, कंबर धरणारच, जमिनीवरून उठताना कुणाचा तरी हात लागणारच, आणि हे सगळं मुकाट्यानं मान्य करण्यातच शहाणपण आहे, या समजुतीशी माझं भांडण आहे.

त्याहून मोठं भांडण एका वाक्याशी आहे. "आता या वयात कशाला?" नवी साडी घेतली तर कुणी असं विचारत नाही. नातवासाठी रात्री जागलो तर विचारत नाही. पन्नास माणसांचा स्वयंपाक केला तर उलट कौतुक होतं. पण हातात दोन किलोचं वजन घेऊन सांगितलं की मी ताकदीचा व्यायाम करते, की सगळ्यांना आपलं वय आठवतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनाच.

आधी मुद्दा समजून घेऊ. मी कॉमर्सची, त्यामुळे मला तो घसाऱ्याच्या भाषेत कळतो. तिशीनंतर माणसाच्या अंगातलं स्नायूंचं भांडवल दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडंही विरळ होऊ लागतात. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर जाते. या झिजेला डॉक्टर 'सार्कोपेनिया' म्हणतात. शब्द तसा नवा आहे, १९८० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याआधी आपण सगळे त्याला 'म्हातारपण' म्हणून मोकळे होत होतो. घसारा कुठल्याही यंत्राला लागतोच. पण यंत्राला घसारा लागतो म्हणून कुणी तेलपाणी बंद करत नाही. आणि स्नायू हे असं यंत्र आहे की जे वापरल्यानं झिजत नाही, न वापरल्यानं झिजतं.

भरपाई होते का? होते. कुठल्या वयापर्यंत? १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायाच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे शंभराची पावणेतीनशेच्या जवळपास झाली. वय नव्वद, लक्षात घ्या. चार वर्षांनी त्याच मंडळींनी शंभर वृद्धांवर मोठा अभ्यास केला. त्यात काही जणांना नुसतं पौष्टिक पेय दिलं, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही. मुलगा पुण्याहून येताना जो महागडा पावडरचा डबा आणतो, त्याच्यावर हे लिहून ठेवावंसं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ६५ च्या पुढच्या माणसांसाठी चालण्यासारख्या व्यायामाचे आठवड्याला दीडशे मिनिटं तर आहेतच. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद दोन्ही सांभाळणारा व्यायाम सांगितलाय. 'जमल्यास' असं नाही, 'करावा' असं.

आता आपल्या मैत्रिणींची उत्तरं. पहिलं ठरलेलं: "मी रोज चालते की." चाला, जरूर चाला. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं चांगलं. पण सपाट मैदानावर गप्पा मारत चार फेऱ्या घातल्यानं मांडीला वाढीव काम काहीच मिळत नाही. तुमची परीक्षा मैदानावर होत नाही, ती भारतीय पद्धतीच्या संडासात होते, एसटीच्या पहिल्या पायरीवर होते, आणि पंचांग नमस्कार करून उठताना होते.

दुसरं उत्तर: "घरकाम काय कमी असतं?" हे उत्तर देताना आपण आपल्या आईचं घरकाम डोळ्यांपुढे आणतो. आडाचं पाणी, जातं, उखळ-मुसळ, हंड्यावर हंडा. आपलं घरकाम म्हणजे मिक्सर, गॅस, नळ आणि धुण्याचं यंत्र. थकवा येतो, नाही म्हणत नाही, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. पण थकणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं. पोळ्या लाटून दंड थकतो, पण चाळीस वर्षं तेच लाटणं, तेवढाच गोळा. स्नायूला काल होतं त्यापेक्षा थोडं जास्त मागितलं तरच तो वाढतो.

इथं कुणी म्हणेल की मग आपल्या भागातल्या ज्या बायांनी आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलं त्यांचे गुडघे का गेले? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला हसून टाळू नये. धाराशिव जिल्ह्यात पाण्यासाठी बायांनी काय सोसलंय ते आपण पाहिलंय. त्यांना ओझं होतं, विसावा नव्हता. पोटात पुरेसं अन्न नव्हतं, बाळंतपणानंतर चार दिवस पाठ टेकायची सोय नव्हती. ओझं, मग विश्रांती, मग अन्न, मग थोडं जास्त ओझं, याला व्यायाम म्हणतात. यातली दोन काढून घेतली तर उरते ती वेठबिगारी. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांचा दाखला देऊन आपण सोफ्यावर बसायचं, हा कुठला न्याय?

तिसरं उत्तर मात्र डॉक्टरांच्या नावानं येतं. एका महिला मंडळात भाषणाला आलेल्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्या जणींना सरसकट सांगितलं: मांडी घालू नका, खाली बसू नका, वाकू नका, वजन उचलू नका. समोर पंचेचाळीसची होती आणि ऐंशीचीही होती. कुणाचा गुडघा तपासला नाही, कुणाला काय होतंय विचारलं नाही. चारही 'नका' बायकांनी वहीत उतरवून घेतले. ज्या दुखऱ्या सांध्यासाठी हा सल्ला दिला जातो, त्या सांध्याला आधार देणारे स्नायूच या सल्ल्यानं वाळतात. गुडघेदुखीत मांडीच्या पुढचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचा भाग आहे, कुठल्याही फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि हाडं विरळ झालेल्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात ५८ च्या पुढच्या, कमी हाडघनतेच्या १०१ बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आठ महिने, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याची हाडघनता घटण्याऐवजी वाढली. देखरेखीखाली, हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. उद्या उठून गव्हाचं पोतं उचलायला कुणी सांगत नाही.

पण या सगळ्या उत्तरांपेक्षा मला जास्त झोंबतं ते धर्माच्या नावानं येणारं उत्तर. "देह हा पुद्गल. त्याचे एवढे लाड कशाला? शरीराची आसक्ती हाच तर बंध." हे ऐकवणाऱ्या बाईच्या घरी गुडघ्याला लावायच्या तेलाच्या चार बाटल्या, दोन पट्टे आणि एक मालिशचं मशीन असतं! देहाचे लाड कोण करतंय, सांगा बरं.

आपण शास्त्राचं नाव घेतो, तर शास्त्र काय म्हणतं ते तरी बघू. नामकर्माच्या प्रकृतींमध्ये संहनन नावाचा पूर्ण विभाग आहे. संहनन म्हणजे हाडांच्या सांध्यांची बळकटी, वज्रवृषभनाराचापासून असंप्राप्तासृपाटिकेपर्यंत सहा प्रकार. आपल्या आचार्यांनी हाडांची प्रतवारी केलेली आहे! तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाची व्याख्या येते ती उत्तम संहननाच्या अटीपासूनच सुरू होते. मन एकाग्र करायचं तर आधी ते पेलणारं शरीर हवं, हे सूत्रकारांना ठाऊक होतं. आपणच देहाचा विषय हलका समजतो.

यावर एका स्वाध्यायी गृहस्थांनी मला गोम्मटसार दाखवलं. कर्मभूमीतल्या स्त्रियांना शेवटची तीनच संहननं असतात, वरची तीन नसतातच, तेव्हा तुम्ही कशाला धडपडता, असा त्यांचा सूर होता. ग्रंथात तसं सांगितलंय, मी नाकारत नाही. पण आपल्याकडे हेही सांगितलं जातं की या पंचम काळात पुरुषांच्या वाट्यालाही तीच तीन आहेत. मग धाराशिवच्या जिमची फी पुरुषच का भरतात? शिवाय मी काही वज्रवृषभनाराच मागत नाही. पाट्यावरून आपलं आपण उठता यावं एवढंच मागणं आहे, आणि तेवढ्याला कीलक संहननही पुरतं.

सोळाकारण भावना आपण सगळ्या जणी म्हणतो. त्यात एक आहे शक्तितस्तप. शक्तीनुसार तप. शक्ती न लपवता आणि शक्तीच्या बाहेर न जाता. आपण याचा अर्थ नेहमी एकाच अंगानं लावतो: झेपत नसेल तर करू नका. दुसरं अंग विसरतो. शक्तीच कमी होऊ दिली तर तपही कमी होणार. काल दहा उपवास करणारी आज एकासनावर येते आणि उद्या रात्रिभोजन त्याग टिकवतानाही तिला चक्कर येते. जिला आपण 'वय झालं' म्हणतो तिच्यातली कितीतरी घट वयाची नसून बसून राहण्याची असते.

कुंथलगिरी आपल्याच जिल्ह्यात आहे. कुलभूषण-देशभूषण मुनींची सिद्धभूमी. तिथंच १९५५ च्या ऑगस्टमध्ये चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. वय ८४ वं चालू होतं. त्यांनी आयुष्यभरात हजारो उपवास केले, देशभर पायी विहार केला. पण ते उपवास पेलणारं शरीर कुठून आलं? भोजच्या पाटलांच्या घरातला हा सातगौडा तरुणपणी अंगानं दणकट होता. नदी ओलांडताना मुनींना खांद्यावर घेऊन पलीकडे नेई, शिखरजीच्या यात्रेत दमलेल्या म्हातारीला पाठीवर घेऊन डोंगर चढला, अशा गोष्टी आपल्याकडे त्यांच्याबद्दल सांगितल्या जातात. लहानपणी आपण त्या भक्तिभावानं ऐकल्या. त्यातली ताकद मात्र आपल्या कानात शिरलीच नाही.

आणि त्यांनी सल्लेखना का घेतली? दृष्टी जात चालली होती म्हणून. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे ईर्यासमिती पाळता येणार नाही, जीवरक्षा होणार नाही. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी सल्लेखनेची कारणं सांगताना म्हातारपण आणि रोग यांच्यापुढे एक अट घातली आहे: निष्प्रतीकार. ज्याला उपायच उरलेला नाही असं म्हातारपण. ज्या दुबळेपणाला खुर्चीवरून दहा वेळा उठण्या-बसण्याचा उपाय आहे, त्याला निष्प्रतीकार म्हणायचं? आणि चार हात पुढची जमीन बघून चालायचं तर आधी पाय थरथरता कामा नये. तोल जाऊन धपकन पाऊल पडलं तर त्या पावलाखाली काय आलं ते कोण बघतं?

आमच्या ओळखीतल्या एक मावशी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चार महिने पलंगावर गेल्या. ज्या बाईनं पन्नास वर्षांत दर्शनाशिवाय पाणी घेतलं नव्हतं तिला फोनवर अभिषेक दाखवावा लागला. भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणायची, असाता वेदनीयाचा उदय, काय करणार. कर्माचा उदय मीही मानते. पण आपल्या कर्मसिद्धांतात संक्रमण आहे, उदीरणा आहे, निर्जरा आहे. प्रत्येक कर्म निकाचित नसतं, पुरुषार्थाला जागा ठेवलेली आहे, आणि नेमकी तीच जागा आपण पलंग टाकून अडवतो. घरात मसाल्याला कीड लागली तर उदय म्हणून सोडून देतो का? डबा उन्हात ठेवतो.

चौक्याचंच घ्या. महाराजांचा विहार आपल्या गावाकडे आला की आपली धांदल उडते. आडाचं पाणी शेंदायचं, गाळायचं, जिवाणी परत आडात नीट सोडायची, पितळी भांडी हलवायची, आहार होईपर्यंत तासभर उभं राहायचं. आता पाणी शेंदायला घरात कुणाचे दंड चालतात? मग गल्लीतला एखादा मुलगा पकडायचा, त्याला अंघोळ घालायची, शुद्ध कपडे द्यायचे आणि त्याच्याकडून बादली ओढून घ्यायची. आहारदानाचं पुण्य आपलं, दंड त्याचे.

शिखरजीची वंदना साधारण २७ किलोमीटरची. नऊ चढायचे, नऊ वरती फिरायचे, नऊ उतरायचे. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या, त्याही अनवाणी. शेवटचा महामस्तकाभिषेक २०१८ मध्ये झाला, बारा वर्षांचा हिशेब धरला तर पुढचा २०३० ला. डोलीत बसणाऱ्या आजारी माणसाला मी काही म्हणणार नाही. पण चार वर्षं हाताशी असताना, धडधाकट असताना, 'आपल्याला काय डोली आहेच' असं म्हणणाऱ्या बाईनं एकदा त्या डोलीवाल्याच्या मानेकडे बघावं. अहिंसा फक्त कांदा-लसणात नसते.

असो. राग पुरे, कामाचं बोलू.

आधी परीक्षा. हात नसलेली, न घसरणारी लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता-उठता येतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयाच्या बाईचे १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ चे ११ पेक्षा कमी आणि सत्तरीतल्या बाईचे १० पेक्षा कमी झाले तर तिला पडण्याचा धोका जास्त. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. परीक्षा कडक आहे, पण पेपर आधीच फुटलेला आहे, त्यामुळे तयारी करता येते.

तयारी म्हणजे हीच उठबस. आठ वेळा, सावकाश. बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत बसायचं, कारण खाली जातानाच मांडीला खरं काम पडतं. सुरुवातीला हाताचा आधार चालेल, खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली तरी चालेल. आठाचे बारा झाले आणि सोपे वाटले की उशी काढा. तेही सोपं झालं की छातीशी एक किलो तूरडाळीचं पाकीट धरा. मग दोन किलो. शेवटचे दोन-तीन वेळा जड गेलेच पाहिजेत. हसत-खेळत बारा होत असतील तर ती करमणूक आहे.

मग भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे टेकायचे आणि कोपरात वाकून छाती भिंतीजवळ न्यायची. महिन्याभरानं भिंतीऐवजी स्वयंपाकाचा ओटा. ओढायच्या कामाला रबरी पट्टा मिळतो, तो खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे ओढायची, म्हणजे पाठ उघडते. आड शेंदायची हीच तालीम. उचलायच्या कामाला कापडी पिशवीत दोन-तीन किलो ज्वारी घालून ती स्टुलावर ठेवायची. कंबर गोल करून वाकायचं नाही, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं, पिशवी अंगाजवळ धरून उभं राहायचं. हाडं विरळ असतील त्यांनी तर हे पाठ सरळ ठेवण्याचं पथ्य जिवापाड पाळायचं. ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं हे तर दूध तापेपर्यंत होतं. दूध उतू गेलं तर मला दोष देऊ नका.

आणि शेवटी, आठवड्यातून दोनदा, जमिनीवर बसून उठणं. मऊ झाडणीनं जागा झाडून घ्या, शेजारी खुर्ची ठेवा, आधी एक गुडघा टेका, मग दुसरा, मग बसा. उठताना तसंच उलट. पहिल्या आठवड्यात खुर्ची धरून. ज्यांचा गुडघा बदललाय त्यांनी आपल्या सर्जनला विचारूनच. जमिनीवर जाण्याची भीती गेली की सामायिकाचं निम्मं काम होतं.

सगळं मिळून अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस तरी मोकळे. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. णमोकार मोठ्यानं म्हणत केलं तर श्वास आपोआप मोकळा राहतो. ज्यांचा रक्तदाब आवाक्यात नाही, छातीत दुखतं, मणका दबलेला आहे, हर्निया आहे किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, ते चालतं. सांध्यात कळ आली तर थांबायचं. उपवासाच्या दिवशी आणि दशलक्षणात वजन वाढवायचं नाही, झेपेल तेवढं हलकं करा नाहीतर सोडून द्या. दहा दिवसांनी काही वाहून जात नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, पण हे कामाचं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांना एकापासून सव्वा ग्रॅमपर्यंत द्यावीत असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. आता आपल्या ताटाचा ताळेबंद मांडा. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं पातळ वरण, भात, भाकरी आणि लोणचं. जमा बाजू रिकामीच. अंडं आपल्याला नको आणि त्याच्याशिवाय काही अडतही नाही. आपल्या शिवारात तूर, हरभरा, मूग, सोयाबीन पिकतं. शंभर ग्रॅम डाळीत बावीसेक ग्रॅम प्रथिनं, शेंगदाण्यात पंचवीसेक, सोयाबीनमध्ये तर छत्तीसच्या आसपास. वरण घट्ट करा आणि स्वतःला आधी वाढा. द्विदलाचं पथ्य आहेच, तर दूध-दही सकाळी घ्या, डाळ-उसळ दुपारी आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते तेव्हा तर डाळीशिवाय ताटात दुसरं काय असतं? कुंथलगिरीचा पेढा खव्याचा असला तरी त्याला औषध समजू नये. सांध्यांसाठी म्हणून जाहिरातीत जे 'कोलॅजेन' विकतात ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून येतं, आणि कॅप्सूलचं मऊ आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. दुकानदाराला नीट विचारून घ्या.

शेवटचं मुलांना आणि सुनांना. तुम्ही प्रेमानंच करता, ठाऊक आहे. "आई, तुम्ही बसा, मी आणते." "आई, वर चढू नका." "आई, हात द्या." रोज असं वीस वेळा म्हणता आणि रोज वीस वेळा तिच्या मांडीचं काम काढून घेता. मग एक दिवस तिला खरंच उठता येत नाही आणि तुम्ही वॉकर आणता, कमोड बसवता, दिवसभराची बाई ठेवता. तिच्या पगाराचा वर्षाचा आकडा मांडा आणि शेजारी एका रबरी पट्ट्याची आणि दोन किलो डाळीची किंमत लिहा. डाळ तर नंतर शिजवताही येते. हात द्यायचाच असेल तर मागे उभे राहा. ती तोल सावरत नाहीये असं दिसलं तरच पुढे करा.

धर्मशाळेचा हॉल दुपारी रिकामा असतो म्हणून आम्ही सात-आठ जणींनी तो आठवड्यातून दोन दिवस मागितला होता. 'मंदिराच्या जागेत बायकांचा व्यायाम शोभत नाही' असं उत्तर आलं. त्याच हॉलमध्ये लग्नाच्या वरातीतले पुरुष पत्ते खेळत बसतात ते शोभतं. आम्ही पुन्हा लेखी अर्ज दिलाय, या वेळी पोच घेऊन. तोवर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला एका मैत्रिणीच्या माडीवर जमतो, म्हणजे सूर्यास्ताआधीच्या स्वयंपाकाला सगळ्या घरी पोचतात. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला. डाळीचं पाकीट आपापलं आणा. माडीला अठरा पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी सावकाश चढा.